फेऱ्याचं डोकं

ओतूरच्या बदरुद्दीन मुलाण्याला अख्ख्या शिवारात कुणी बदरुद्दीन म्हणत नसे. गावात तो बदरूभाई, धनगरांत नुसता मुलाणी आणि बायकोच्या तोंडी ‘अवो’. उंचीनं बेताचा, खांद्यानं रुंद आणि बोलायला कंजूष. मशीद झाडायची, दिवा लावायचा आणि कुणाकडं बोकड-मेंढरू कापायचं असलं की सुरी घेऊन जायचं, हे त्याच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेलं. मुलाण्याची सुरी फिरल्याशिवाय त्या काळी ना मराठ्याच्या घरी रस्सा उकळायचा, ना धनगराच्या तळावर. नवस म्हसोबाचा, हात जोडणारा हिंदू आणि सुरी धरून बिस्मिल्ला म्हणणारा मुसलमान. यात काही वावगं आहे असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आलं नाही तेच बरं झालं.

ही गोष्ट एकोणीसशे दहाच्या आगेमागची. मोठ्या दुष्काळाला दहा वर्षं होत आली होती आणि प्लेग अजून पाहुण्यासारखा येऊन-जाऊन होता. बदरूनं तेव्हा पंचेचाळिशी गाठली असेल. पण त्याचं नाव झालं होतं ते काही नवसाच्या बोकडांमुळं नाही. ते झालं होतं फेऱ्यामुळं.

फेरा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. चांगलं चरतं-खातं, वर्षा-सव्वा वर्षाचं मेंढरू एक दिवस कळपापासून फटकून उभं राहतं. मान एका अंगाला कलते. मग ते गोल फिरायला लागतं, एकाच बाजूनं, घाण्याच्या बैलासारखं. हाकललं तरी फिरतं, बांधलं तर खुंटीभोवती फिरतं. चारा सुटतो, नजर जाते, आणि शेवटी कुठल्या तरी ओघळीत पडून मरतं. धनगर म्हणत, याला फेरा लागला. एखाद्या रुसलेल्या देवाचा नाहीतर वाटेवरच्या कुणा अतृप्ताचा फेरा मेंढराच्या डोक्यात शिरतो आणि त्याला फिरवून फिरवून मारतो.

यावर उतारा ठरलेला होता. मेंढरू मरायच्या आत मुलाण्याला बोलवायचं. धड माणसांनी खायचं, पण डोक्याला कुणी हात लावायचा नाही. ते मुलाण्यानं सत्तुरानं फोडायचं आणि तळावरच्या सगळ्यांत जबर कुत्र्याला घालायचं. कुत्रं राखणदार. फेरा एकदा त्याच्या पोटात गेला की तिथंच जिरला, असा सगळ्यांचा ठाम विश्वास.

आणि या कामात बदरूचा हात धरणारा कुणी नव्हता. कवटीवरून अंगठा फिरवताना पापडासारखी पातळ झालेली जागा त्याला बरोबर लागायची. एका घावात कवटी उघडायची, आणि आतून लिंबाएवढी, पाण्यानं टम्म भरलेली पांढुरकी पिशवी तो न फोडता काढायचा. इतर मुलाण्यांच्या हातून ती हमखास फुटायची. बदरू ती तळहातावर घेऊन कुत्र्यापुढं धरायचा, कुत्रं गट्ट करायचं, आणि सगळा तळ सुटकेचा श्वास टाकायचा. ‘बदरूच्या हातचा फेरा परत येत न्हाई,’ असं आळे गावापासून पेठेपर्यंत म्हणत. खरं म्हणजे यायचा. पण सहा-आठ महिन्यांनी यायचा, आणि आला की लोक म्हणायचे, हा दुसरा. माणसाला एखादी गोष्ट मानायचीच असली की त्याला वाट सापडते.

बदरूलाही ते मानायला आवडायचं. गरीब माणसाला असते ती एवढीच ऐट.

त्या साली पौषात कुशाबा धनगराचा तळ ओतुराच्या पूर्वेला, आळ्याच्या वाटेवर पडला होता. सात बिऱ्हाडं, चारेकशे मेंढरं. रानं मोकळी झालेली, शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेत होते. तळावर बायडाबाई म्हणून एक बाई होती. चाळिशीची, काटक. नवरा प्लेगात गेला, लेक लग्न होऊन सासरी गेली, आणि ही एकटी साठ मेंढरं घेऊन नवऱ्याच्या चुलत्याच्या, म्हणजे कुशाबाच्या, आसऱ्यानं फिरत होती. तिच्याकडं भुऱ्या नावाचा कुत्रा होता. एके काळी या भुऱ्यानं दोन लांडग्यांना एकट्यानं पळवलं होतं. म्हणून तळावर कुणाच्याही मेंढराला फेरा लागला तरी डोकं भुऱ्यालाच मिळायचं. तो मान होता.

पौषातल्या त्या सकाळी बदरूला बोलावणं आलं तेव्हा मेंढरू बायडाबाईचंच होतं. वर्षातलं नववं. बदरूनं काम केलं, डोकं बाजूला घेतलं आणि तळावरच्या कुणीतरी भुऱ्याला हाक मारली. भुऱ्या उठला, पण कसाबसा. बरगड्या मोजून घ्याव्यात. केस राठ, निस्तेज, जागोजागी उडालेले. अंगाला मास नाही आणि पोट मात्र फुगलेलं. दोन पावलं चालला आणि जमिनीवर बूड घासत बसला.

‘बायडाबाई, ह्याला खायला घालती का न्हाई?’

‘माज्या वाटणीची भाकर बी घालते,’ ती म्हणाली. ‘दोघांचं खातो. पर कुटं जातं त्ये, कळंना झालंय. खातो आन् वाळतो.’

बदरूनं पिशवी पुढं केली. भुऱ्यानं ती खाल्ली. पलीकडं घोंगडीवर बसलेला कुशाबा हे सगळं बघत होता. साठीचा माणूस, आवाज कधी चढायचा नाही, पण त्याचा शब्द तळावर शेवटचा. तो म्हणाला, ‘भुऱ्याच्या पोटात आता जागा ऱ्हायली न्हाई, मुलाणी. फेरा भाईर सांडाय लागलाय. आन् सांडतोय तो हिच्याच मेंढरांवर. नऊ हिची, बाकी समद्यांची मिळून तीन. देवाचा रोख हिच्यावर हाय.’

‘मामंजी, म्या काय केलं?’ बायडाबाई म्हणाली.

‘काय केलं, त्ये देवाला ठावं. मला चारशे मेंढरं संबाळायची हायती. पाडव्यापतुर थांबला तर ठीक. न्हाईतर तू तुजी मेंढरं घिऊन येगळा तळ टाक.’

कुशाबा दुष्ट नव्हता, भ्यालेला होता. पण वेगळा तळ म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. एकटी बाई, साठ मेंढरं, मरायला टेकलेला कुत्रा. लांडगे पहिल्या पंधरवड्यात निम्मी नेतील आणि उरलेली चोर. आणि फेऱ्याची विधवा म्हटल्यावर कुठला शेतकरी तिला रानात मेंढरं बसवू देईल? बायडाबाई भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मोठ्यांदा रडली असती तर बदरूला बरं वाटलं असतं. त्यानं डोक्याचा राहिलेला भागही, नेहमीपेक्षा जरा जास्तच मनापासून, भुऱ्यापुढं सारला आणि मनात दुवा मागितली की या खेपेला तरी जिरू दे.

माघात पुण्याहून ढोरांचा डॉक्टर आला. जनावरांत बुळकांडी शिरली होती, तिची टोचणी करायला. चावडीमागं बैलांची रांग लागली. धनगर मात्र टोचणीच्या भयानं तळ हलवून रानारानांतून लपत होते. सुईनं मेंढरं मरतात, अशी आवई कुणीतरी उठवली होती. त्याच दिवशी चावडीजवळच्या एका कुणब्याच्या मेंढराला फेरा लागला, आणि बदरू नेहमीच्या सफाईनं कवटी उघडून, पिशवी तळहातावर घेऊन गावातल्या कुत्र्याला यू यू करू लागला.

‘अरे ए! थांब!’

डॉक्टर तीन ढांगांत येऊन उभा राहिला. तरुण माणूस, बाह्या सरसावलेल्या, हात औषधानं पिवळे झालेले. त्यानं कुत्र्याला हाकललं. ‘हे कुणी शिकवलं तुला?’

‘शिकवायचं काय, सायेब? फेरा हाय. कुत्र्याच्या पोटात जिरवायचा.’

डॉक्टरनं पिशवी उजेडाकडं धरली. ‘हे बघ. आतल्या बाजूला काय दिसतं?’

बदरूनं ती शेकडो वेळा पाहिली होती. पांढरे ठिपके, खसखशीएवढे, पुंजक्यापुंजक्यांनी चिकटलेले.

‘यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक जंताचं डोकं. कुत्र्यानं हे खाल्लं की त्याच्या आतड्यात एकेकाचा लांब जंत होतो, फितीसारखा. कुत्र्याचं अन्न तो खातो, कुत्रं वाळतं. त्या जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेवाटे गवतावर पडतात. ते गवत कोकरू खातं. अंडं कोकराच्या पोटातून मेंदूत चढतं, आणि तिथं ही पिशवी वाढते. पुन्हा तू येतोस आणि पुन्हा कुत्र्याला घालतोस. अरे बाबा, हा फेरा नव्हे, पेरा आहे, पेरा! तू जिरवत नाहीस, पेरतोस.’

चावडीवरचे दोघेतिघे हसले. बदरूचं तोंड लाल झालं. ‘सायेब, वीस वर्सं ह्या हातानं फेरा काडलाय.’

‘मग वीस वर्षं पेरलाय,’ डॉक्टर म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्यालाच ते लागलं असावं. आवाज खाली आणून म्हणाला, ‘तुला ठाऊक नव्हतं. आता डोकं खोल पुरायचं, नाहीतर जाळायचं. कुत्र्याला एक दिवस उपाशी ठेवून सुपारीची ताजी पूड दुधातून द्यायची. पडेल ते जाळायचं. आणि हात राखेनं स्वच्छ धुवायचे.’

बदरू वळला. चार पावलं जाऊन परत आला. ‘आन् समजा, आजपासनं डोकी पुरली, तर फेरा कवा थांबंल?’

‘जे आत गेलंय ते उगवणारच. सहा महिने धर, वर्षही लागेल.’

पाडव्याला दीड महिना उरला होता.

बदरूनं डॉक्टरला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. शहरी माणूस, दोन बुकं वाचली आणि निघाला शिकवायला. याला खोटं पाडायचं तर सुपारी देऊन बघावं, काही पडणार नाही, म्हणजे प्रश्न मिटला. या एकाच विचारानं तो प्रेमचंद शेठच्या दुकानी गेला. शेठ मारवाडातून आलेल्या जैन घराण्यातला, तीन पिढ्या ओतुरात, मुंगीलाही वाट देणारा माणूस.

‘सुपारी कशाला, बदरूभाई? कुणाचं लग्न?’

‘कुत्र्याच्या पोटातले जंत मारायला.’

शेठनं डब्यातला हात मागं घेतला. ‘मारायला आमी काय देत नसतो.’ मग बदरूच्या तोंडाकडं बघून त्याला काय वाटलं कोण जाणे. ‘कुत्र्याचं पोट साफ व्हायला पायजे का?’

‘व्हय, तसंच म्हना.’

‘मग असं बोल की,’ म्हणून शेठनं चांगल्या निवडून सुपाऱ्या दिल्या. गावाला मात्र दोन दिवस चघळायला विषय झाला. माणसं लग्नाची सुपारी देतात, बदरूभाई कुत्र्याला देतोय.

बायडाबाईनं कारण विचारलं नाही. भुऱ्याला एक दिवस बांधून उपाशी ठेवला. तो रडायचा तशी ती तोंड फिरवून बसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बदरूनं सुपारी सहाणेवर उगाळली, दुधात कालवली, आणि भुऱ्यानं ती एका दमात चाटून घेतली. मग बाभळीखाली दोघं लांब लांब बसून वाट बघत राहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भुऱ्या कण्हला, गोल फिरला आणि बसला.

पडलं ते बघून बायडाबाईनं पदर तोंडाला लावला. पांढऱ्या चपट्या फिती, हात हातभर लांब, गुंता होऊन पडलेल्या. शिवाय भोपळ्याच्या बियांसारखे सुटे तुकडे, आणि त्यातले काही हलत होते. बदरू उकिडवा बसून किती तरी वेळ बघत राहिला. एका काडीनं त्यानं एक फीत सोडवली. ती निमुळती होत होत दोऱ्याएवढी झाली आणि टोकाला खसखशीएवढा एक ठिपका होता.

तो ठिपका त्याच्या ओळखीचा होता.

‘काय हाय ह्ये, मुलाणी?’ बायडाबाईनं विचारलं.

‘सांगतो,’ तो म्हणाला, पण सांगितलं नाही. सगळं जाळलं, राख पुरली आणि घराकडं निघाला. वाटेत त्याला आणे पठारावरचा एक म्हातारा धनगर आठवला. त्याच्याकडं कुत्रंच नव्हतं. वीस वर्षांत त्याच्याकडून फेऱ्याचं बोलावणं एकदाही आलं नव्हतं. बदरू तेव्हा म्हणायचा, म्हातारा पुण्यवान. आणि जिथं जिथं त्याला वारंवार बोलावलं जायचं, तिथं तिथं फेरा हटता हटत नव्हता. हे सगळं इतकं उघड्यावर पडलं होतं आणि आपल्याला दिसलं नाही, याची त्याला भयंकर लाज वाटली. मरणाऱ्या मेंढरांपेक्षाही त्या ऐटीची जास्त वाटली.

दारात बायकोनं, सितारानं, नेहमीप्रमाणं अडवलं. ‘कुत्र्याला हात लावून आलाय. आदी न्हाणीत चला.’ बदरू न्हाणीत गेला तो राखेनं हात घासतच बसला. कोपरापर्यंत घासले, लाल होईतो घासले. शेवटी सितारा आत डोकावली आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण एवढं सलग तो आजवर बोलला नव्हता.

‘आजपासनं डोकी पुरली तर भागतंय,’ तो म्हणाला. ‘पर त्याला वरीस लागंल. तवर आनखी दोन-चार मेंढरं फिरणारच. आन् पाडव्याला तिला भाईर काडणार.’

‘मग कुशाबाला सांगा.’

‘काय सांगू? वीस वर्सं मीच तुमच्यावर फेरा घातला म्हून? उंद्या कुनी उभा करंल का मला? आपलं पोट ह्याच्यावर हाय, सितारा.’

सितारानं न्हाणीच्या उंबऱ्यावर बसकण मारली. तीही घाबरली होती, ती काही पीर-फकिरीण नव्हती. मग म्हणाली, ‘आजवर केलं त्ये ठावं न्हवतं म्हून. आता ठावं हाय. आता गप बसलाव तर त्येला काय म्हनायचं?’

बदरूला ते पटलं. तरी तो महिनाभर गप्प बसला. हेही सांगायलाच हवं. त्या महिन्यात फेऱ्याची दोन डोकी त्यानं कुणाला न कळता पुरली, भुऱ्याला आणखी एकदा सुपारी दिली, आणि उरलेला वेळ अल्लाकडं एवढंच मागत राहिला की पाडव्याआधी बायडाबाईच्या मेंढरांत आणखी कुणी फिरू नये. भुऱ्याच्या अंगावर मास धरू लागलं. केसांना तकाकी आली. कळपाभोवती तो पूर्वीसारखा पळू लागला. बायडाबाई हसून म्हणाली, ‘मुलाणी, तुज्या हातात लई गुण हाय.’ ते ऐकून बदरूला जेवण गेलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तिचं दहावं मेंढरू फिरायला लागलं.

पाडव्याला सकाळीच बदरू तळावर पोचला. काठीला निंबाचे डहाळे बांधलेले होते. सगळी बिऱ्हाडं जमली होती, आणि बायडाबाईनं आपलं चंबूगबाळं आधीच बांधून ठेवलं होतं. कुणी सांगायची वाटही तिनं बघितली नव्हती. खुंट्याला बांधलेलं मेंढरू गोल गोल फिरत होतं. कुशाबानं बोलायला तोंड उघडलं, तसा बदरू पुढं झाला.

‘कुशाबा, आदी माजं ऐका. तिचा दोष न्हाई. दोष माजा हाय.’

त्यानं सुरी चालवली, डोकं फोडलं, पिशवी काढली आणि सगळ्यांना जवळ बोलावून ठिपके दाखवले. भुऱ्याच्या पोटातून काय पडलं ते सांगितलं. फेरा पोटात जिरत नाही, तिथं वाढतो, गवतावर पडतो आणि कोकरांच्या डोक्यात चढतो, हे सगळं सांगितलं. बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा तो मागचं पुढं नि पुढचं मागं करत होता, पण सोडत नव्हता.

‘हिच्यावरच का, म्हनता ना? समद्या तळाची डोकी तुमी भुऱ्याला घातली. भुऱ्या निजतो हिच्या मेंढरांत. तुमचा समद्यांचा फेरा हिच्या मेंढरांच्या पायाखाली पेरला. देवाचा रोख न्हाई त्यो. माज्या हातानं पेरलाय.’

कुशाबाचा थोरला लेक जानकू पुढं आला. ‘म्हंजी वीस वर्सं तू आमची मेंढरं मारलीस?’

बदरूला म्हणता आलं असतं, मला ठाऊक नव्हतं. म्हणता आलं असतं, तुमच्याच रीतीनं केलं. तो म्हणाला, ‘व्हय.’

कुणीतरी शिवी दिली. कुणीतरी माती फेकली. कुशाबानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ‘बायडे, सोड त्ये गाठोडं. आन् मुलाणी, तू ऊठ. ह्या तळावर परत पाय ठिवू नगंस.’

बदरू ते डोकं घेऊन उठला. बाजूला जाऊन एकट्यानंच खड्डा खणून त्यानं ते पुरलं. मदतीला कुणी आलं नाही. जाताना बायडाबाई वाटेत उभी होती. आभार वगैरे मानायची त्या लोकांत रीत नाही. ती एवढंच म्हणाली, ‘भुऱ्याला परत सुपारी कवा द्यायची?’

‘म्हैन्यानं,’ तो म्हणाला.

बाई तळावर राहिली, बदरूला हवं ते झालं. पण ऐकणारे किती ऐकतात, याचीही गंमत आहे. बदरूनं सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी सोपी तेवढी लोकांनी घेतली. मुलाण्याचा हात वाईट, हे पटलं. डोकं कुत्र्याला घालू नये, हे नाही पटलं. कुशाबानं आळ्याचा कमरुद्दीन मुलाणी लावला, आणि कमरुद्दीन डोकी फोडून कुत्र्यांना घालू लागला. फरक एवढाच की बायडाबाई भुऱ्याला डोकं खाऊ देईना, म्हणून डोकी आता कुशाबाच्या कुत्र्याला मिळू लागली. कमरुद्दीन बदरूच्या नात्यातला होता. बदरू दोनदा चालत जाऊन त्याच्या विनवण्या करून आला. तो हसून म्हणाला, ‘मेंढरांचा फेरा तुज्या डोक्यात शिरला, बदरू.’

मग बदरू न बोलावता जायला लागला. कुठं फेऱ्याचं मेंढरू कापलं जातंय असं कानावर आलं की हा खांद्यावर कुदळ टाकून हजर. डोकं मागायचा. कुणी हाकलायचे, कुणी कुत्री अंगावर घालायचे, कुणी कटकट नको म्हणून देऊन टाकायचे. दिलं की तिथंच खणून पुरायचा. ‘कुत्र्याच्या तोंडचं काढतो,’ म्हणून पोरं मागं लागायची. बोलावणी जवळजवळ थांबली. सितारा लोकांच्या गोधड्या शिवू लागली, आणि घरात सणाला सुद्धा मटण शिजेनासं झालं. मुलाण्याच्या घरी! तिनं त्याला कधी बोल लावला नाही, पण दोरा मात्र दातानं रागारागानं तोडायची.

दोन वर्षं गेली. पहिल्या वर्षात बायडाबाईची आणखी तीन मेंढरं फिरली. तिन्ही डोकी तिनं स्वतः पुरली. दुसऱ्या वर्षात एकही फिरलं नाही. कुशाबाच्या कळपात मात्र तेच सुरू झालं जे आधी तिच्यात होतं. पाच, सात, नऊ. आणि कुशाबाचा कुत्रा खात होता आणि वाळत होता.

मार्गशीर्षात एके दिवशी दुपारी जानकू बदरूच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही, बसला नाही. ‘आबानं बलिवलंय,’ एवढंच म्हणाला.

बदरू सुरी आणि कुदळ घेऊन गेला. तळ त्याच जुन्या रानात पडला होता. सगळी कुत्री बांधून ठेवलेली होती. खुंट्याभोवती एक मेंढरू फिरत होतं, आणि पलीकडं बांधाच्या कडेला कुशाबा कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहून, या वयात, एकटाच खणत होता. घामानं अंगरखा पाठीला चिकटला होता. त्यानं बदरूकडं पाहिलं नाही.

‘मुलाणी, किती खोल पायजे?’

बदरूनं खड्ड्यात डोकावून पाहिलं. ‘आनखी हातभर,’ तो म्हणाला, आणि सुरी बाजूला ठेवून आपणही खड्ड्यात उतरला.

दोघं खणत राहिले. माती वर टाकता टाकता कुशाबा थांबला, कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला आणि म्हणाला, ‘वीस वर्सं तू एकटा न्हवतास, मुलाणी. डोकं तू फोडायचास. कुत्र्याला हाक आमी मारायचो.’